जुने लेगो ऑनलाइन विकत घेताना : जाहिरात वाचण्यापासून ठोकळे धुण्यापर्यंत

लेगोच्या ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात, आणि अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक स्टडवर कंपनीचे नाव बारीक उठावात असते. उजेड तिरका पडला की ते नाव स्पष्ट दिसते आणि नखालाही जाणवते. जुने लेगो पारखण्याची सुरुवात या एका खुणेपासून होते. खोक्यावरचे चित्र, विक्रेत्याने लिहिलेली किंमत, ‘अगदी नव्यासारखे’ हे शब्द, या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात. ऑनलाइन खरेदीत अडचण अशी होते की ठोकळा हातात नसतो आणि मोबाइलच्या पडद्यावर एक रंगीबेरंगी ढीग तेवढा दिसतो. तो ढीग घरबसल्या कसा वाचावा, भाव कसा ठरवावा, माल कसा तपासून घ्यावा आणि घरी आणल्यावर मुलांच्या हाती देण्यायोग्य कसा करावा, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

जुना माल का चालतो

बहुतेक खेळणी जुनी झाली की निरुपयोगी होतात. लेगोचे तसे होत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. त्या रचनेची मापे तेव्हापासून बदललेली नाहीत, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा ठोकळा आज बाजारात आलेल्या ठोकळ्यावर नीट बसतो. दोन शेजारच्या स्टडच्या मध्यबिंदूंमधले अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि तीन चपट्या प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर एका ठोकळ्याची उंची होते. १९६३ पासून कंपनीने एबीएस नावाचे टणक प्लास्टिक वापरायला सुरुवात केली, आणि ते दोन-तीन मुलांच्या हातांतून गेले तरी पकड सोडत नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झाले. नव्या लेगोची किंमत पाहून मध्यमवर्गीय पालक हात आखडता घेतात याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. पण या खेळाची खरी गंमत संख्येत आहे. दोनशे तुकड्यांत एक गाडी होते आणि मूल थांबते. दोन हजार तुकड्यांत ते स्वतःचे गाव उभे करू लागते. एवढी संख्या परवडण्याजोग्या दरात मिळण्याचा मार्ग म्हणजे जुना माल.

आधी गरज ठरवावी

जाहिराती चाळायला लागण्यापूर्वी आपल्याला काय हवे आहे ते कागदावर लिहून ठेवावे, कारण ढीग समोर दिसला की हे भान सुटते. साधारणपणे चार प्रकारचा माल विक्रीला येतो. पहिला, सुटा मिश्र ढीग, जो सहसा किलोवर किंवा डब्यावर विकला जातो. दुसरा, विशिष्ट क्रमांकाचा संच, बांधणीच्या पुस्तिकेसह किंवा तिच्याशिवाय. तिसरा, ड्युप्लो, म्हणजे लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे. चौथा, मोटारी आणि सेन्सर असलेली रोबोटिक्सची किट.

पाच ते दहा वर्षांच्या मुलासाठी पहिलीच खरेदी असेल तर मिश्र ढीग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संच पूर्ण आहे की नाही हे तपासण्याची कटकट त्यात नसते, एखादा तुकडा कमी असला तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि मूल चित्राबरहुकूम न बांधता स्वतःच्या मनाने बांधते. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र साधे लेगो देऊच नये, कारण त्यातला बारीक तुकडा घशात अडकू शकतो. त्या वयासाठी १९६९ मध्ये आलेले ड्युप्लो आहे. त्याची लांबी, रुंदी आणि उंची साध्या ठोकळ्याच्या दुप्पट असते आणि साधा ठोकळा त्यावर बसतोही, त्यामुळे मूल मोठे झाल्यावर ड्युप्लो अडगळीत जात नाही.

शोध कुठे आणि कसा घ्यावा

महाराष्ट्रात असा माल प्रामुख्याने ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर मिळतो. यांतला तिसरा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण विक्रेता दोन इमारती सोडून राहणारा असतो आणि माल पाहूनच पैसे दिले जातात. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लोक घरे बदलतात, बदलीच्या गावी जातात आणि मुलांची जुनी खेळणी काढून टाकतात. दिवाळीच्या साफसफाईतही हेच घडते. त्या आठवड्यांत रोज एकदा तरी शोध घ्यावा.

शोधताना केवळ लेगो हा शब्द टाकून थांबू नये. ज्या घरात ही खेळणी पडून असतात तिथल्या मोठ्यांना ती नेमकी कोणती आहेत हे ठाऊक असतेच असे नाही, त्यामुळे चांगला माल ‘बिल्डिंग ब्लॉक्स’, ‘किड्स टॉईज’, ‘पझल ब्लॉक्स’ अशा नावांखाली, नाहीतर इंग्रजी स्पेलिंग चुकवून टाकलेला सापडतो. अशा जाहिरातींवर कमी लोकांची नजर पडते आणि भावही रास्त असतो. याच्या उलट, लेगो हा शब्द ठळकपणे लिहिलेल्या कित्येक जाहिरातींत नकली माल असतो, कारण आपल्याकडे कोणत्याही जोडायच्या ठोकळ्याला लेगोच म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्यात दर वेळी विक्रेत्याची लबाडी असते असे नाही.

परदेशातल्या विक्रेत्यांचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. २००० मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतले. तिथे एकेक तुकडा रंग आणि क्रमांकानुसार मिळतो, हे खरे. पण भारताच्या परदेश व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू वगळता वापरलेला माल परवान्याविना आयात करता येत नाही, आणि शुल्काचा बोजा निराळाच. म्हणून तिथून जुना माल मागवण्याच्या फंदात पडू नये. ब्रिकलिंकचा आपल्याला खरा उपयोग संदर्भासाठी होतो: कोणत्या संचात कोणते तुकडे किती, कोणता तुकडा दुर्मीळ, कोणत्या वर्षी आला, हे सर्व तिथे विनामूल्य पाहता येते.

फोटो वाचणे

पुढची बरीचशी फसवणूक फोटो पाहतानाच टळते, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. फोटो मोठा करून पाहावा आणि ढिगात मोठा दोन-गुणिले-चारचा, म्हणजे चार-चार स्टडच्या दोन रांगांचा, ठोकळा शोधावा. हा ठोकळा जवळपास ३२ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद असतो. त्यालाच मोजपट्टी मानले की डबा किती मोठा आहे आणि ढिगाची खोली किती असेल याचा अंदाज येतो. भल्यामोठ्या प्लास्टिकच्या टबात तळ जेमतेम झाकणारा थर असेल, तर वरून काढलेल्या फोटोत तो हमखास भरलेला दिसतो.

त्यानंतर रंग पाहावेत. ढिगातले लाल रंग दोन-तीन निरनिराळ्या छटांचे, काही निस्तेज आणि काही भडक असतील, तर बहुधा निरनिराळ्या कंपन्यांचा माल एकत्र झाला आहे. करड्या आणि तपकिरी रंगांच्या बाबतीत मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण २००४ च्या सुमारास लेगोने स्वतःच या छटा बदलल्या. त्याआधीचा करडा थोडा उबदार आणि नंतरचा निळसर दिसतो. दोन्ही करडे एका ढिगात दिसले तर उलट ते घर जुने गिऱ्हाईक आहे असे समजावे. पांढरे ठोकळे पिवळट दिसत असतील तर ते खिडकीजवळ उन्हात राहिले आहेत.

लहान माणसे, म्हणजे मिनिफिगर, फोटोत किती आहेत तेही मोजावे. १९७८ पासून हातपाय हलणारी ही माणसे संचांत येऊ लागली आणि जुन्या मालात सर्वांत जास्त पैसे त्यांनाच मिळतात. खोक्यावर शहर, अवकाश किंवा सिनेमातली पात्रे असलेल्या संचांचे चित्र आहे आणि ढिगात एकही माणूस नाही, तर ती बहुधा आधीच वेगळी काढून विकली गेली आहेत. ठोकळे त्यामुळे वाईट ठरत नाहीत. भाव मात्र तेवढा उतरायला हवा. चाके, खिडक्या आणि दारे यांनाही हेच लागू आहे.

सर्वांत शेवटी, फोटो खरोखर त्याच घरातला आहे का हे पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चकचकीत फोटो, किंवा एकाच विक्रेत्याच्या निरनिराळ्या जाहिरातींत निरनिराळ्या फरशा दिसणे, ही काळजीची खूण आहे. सतरंजीवर, पलंगावर किंवा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पसरलेला ढीग मला नेहमीच जास्त विश्वासार्ह वाटतो.

विक्रेत्याशी बोलणे

पहिल्याच संदेशात ‘शेवटची किंमत सांगा’ असे लिहिणारे शेकडो लोक असतात आणि विक्रेते त्यांना कंटाळलेले असतात. थोडे सविस्तर आणि आदराने लिहिले तर उत्तरही तसेच येते. मी साधारण असा मजकूर पाठवतो: “नमस्कार, मुलीसाठी जुने लेगो घ्यायचे आहे. आपल्या जाहिरातीतले ठोकळे आवडले. डबा वगळून वजन साधारण किती भरेल? एखाद्या ठोकळ्याचा वरून, अगदी जवळून फोटो पाठवता येईल का? आपल्या सोयीच्या वेळी येऊन पाहून घेईन.” या चार ओळींत वजन, अस्सलपणा आणि प्रत्यक्ष भेट या तिन्ही गोष्टी येतात. जवळचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात काढावा एवढे सुचवावे, कारण फ्लॅशमध्ये स्टडवरचे नाव पुसट होते. फोटो पाठवायला जो विक्रेता वारंवार टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडून द्यावा.

आणखी एक प्रश्न मी आता कधीच चुकवत नाही: घरात आणखी एखादा डबा आहे का? एकदा चिंचवडला एका काकूंकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा शिकायला परगावी गेला होता आणि कपाट रिकामे करायचे होते. ढीग पाहून झाला, भाव ठरला, आणि मी सहज हा प्रश्न विचारला. काकू आत गेल्या आणि श्रीखंडाचा एक जुना डबा घेऊन आल्या. त्यात सगळी चाके, आस आणि तेरा माणसे होती. त्यांच्या मुलाने बारीक वस्तू हरवू नयेत म्हणून वेगळ्या ठेवल्या होत्या. “हे पण त्यातलेच का हो?” असे त्यांनी विचारले, तेव्हा या माणसांचे वेगळे पैसे होतात हे मी त्यांना सांगितले आणि दिलेही. जो विक्रेता जाणकार नाही त्याला वस्तूची खरी किंमत सांगणे हा व्यवहाराचाच भाग आहे, असे मी मानतो.

किंमत कशी काढावी

मिश्र ढिगाचा भाव किलोवर सांगितला जातो, पण आपण तो नेहमी तुकड्यावर आणून पाहावा. दोन-गुणिले-चारच्या एका ठोकळ्याचे वजन सुमारे सव्वादोन ग्रॅम असते. मिश्र ढिगात लहान तुकडे जास्त असल्यामुळे एका किलोत साधारण सहाशे ते सातशे तुकडे धरता येतात. हा ढोबळ आडाखा आहे, आणि मोठ्या बैठकीच्या प्लेट, होड्यांचे तळ किंवा ड्युप्लो मिसळलेले असेल तर संख्या बरीच खाली येते.

समजा, तीन किलोंचा ढीग सहा हजार रुपयांना आहे. साडेसहाशेच्या हिशेबाने १,९५० तुकडे झाले. त्यातला पाचवा हिस्सा नकली निघेल असे गृहीत धरले तर अस्सल तुकडे १,५६० उरतात, आणि एक तुकडा जवळपास ३ रुपये ८५ पैशांना पडतो. आता तुलनेसाठी नवा माल पाहावा. लेगो क्लासिकच्या १०६९८ क्रमांकाच्या डब्यात ७९० तुकडे येतात. त्या दिवशी त्या डब्याची दुकानात जी किंमत असेल तिला ७९० ने भागावे. साध्या ठोकळ्यांसाठी नव्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त दर मी देत नाही. स्वच्छ, रंगवार लावलेला आणि माणसांसह असलेला ढीग असेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. याहून महाग असेल तर नवा डबा घेतलेला बरा, कारण त्यात धुण्याचे श्रम नाहीत आणि नकली तुकड्यांची भीतीही नाही.

संचाचा हिशेब वेगळा असतो. बंद झालेल्या संचाला संग्राहक मूळ किमतीहून जास्त मोजतात, आणि विक्रेता परदेशातला डॉलरमधला भाव दाखवून तोच मागतो. तो भाव खोके, पुस्तिका आणि प्रत्येक तुकडा शाबूत असलेल्या संचाचा असतो हे नम्रपणे लक्षात आणून द्यावे.

पैसे आणि भेट

माल पाहण्याआधी पैसे देऊ नयेत. बाकी सर्व नियमांना अपवाद असू शकतो, याला नाही. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, पाचशे रुपये टोकन पाठवा’ असे सांगणारे, लष्करात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे, ‘माल कुरिअरने निघाला, आता डिलिव्हरीचे पैसे भरा’ असे म्हणणारे, या सगळ्यांची रीत एकच असते: घाई करायची आणि भेट टाळायची. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी किंवा खात्यातली शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा कधीच लागत नाही, त्यामुळे परताव्याच्या नावाखाली कोणी कोड स्कॅन करायला सांगितला तर संभाषण तिथेच संपवावे. तरीही फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

विक्रेता दुसऱ्या शहरात असेल तर त्या शहरातल्या नातेवाइकाला किंवा मित्राला पाहायला पाठवावे. तसे कोणी नसेल तर तो सौदा सोडून द्यावा.

प्रत्यक्ष तपासणी

भेटीला जाताना सामान तोलायचा लहान डिजिटल काटा, जुनी चादर आणि घरातले दोन अस्सल ठोकळे सोबत न्यावेत. ढीग चादरीवर ओतून घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये आणि विक्रेत्याने नाराजी दाखवली तरी हसून आग्रह धरावा. माझ्या पहिल्याच खरेदीत मी डबा वरवर पाहिला होता आणि डोळे झाकून पैसे दिले होते. घरी येऊन ओतला तेव्हा वरचा चार बोटांचा थर अस्सल आणि खालचा सगळा नकली निघाला. त्या दिवसापासून चादर माझ्या पिशवीतच असते.

चादरीवर पसरलेल्या ढिगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून, विशेषतः तळाचे, पन्नास तुकडे न निवडता उचलावेत आणि एकेकाच्या स्टडवर नाव आहे का ते पाहावे. आठ तुकड्यांवर नाव नसेल किंवा दुसरेच नाव असेल तर ढिगात अंदाजे सोळा टक्के परका माल आहे, आणि भाव तेवढा खाली आणण्यासाठी हे साधे गणित विक्रेत्यासमोरच मांडता येते. ज्या तुकड्यांना स्टड नसतात त्यांच्या आतल्या बाजूला नाव आणि साच्याचा क्रमांक सापडतो. मिनिफिगरचे डोके काढले की मानेच्या खुंटीवर नाव दिसते. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: मूळ ठोकळ्याच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे जुळणारे ठोकळे इतर कंपन्यांनी बनवणे गैर नाही, आणि त्यांतले काही चांगलेही असतात. लेगो म्हणून लेगोच्या भावात ते विकणे हे मात्र चूक आहे.

खेळण्यांवरच्या आयएसआय खुणेबद्दलही गोंधळ होतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या खेळण्यांना ही खूण बंधनकारक झाली. त्याआधी घेतलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या खोक्यावर ती नसेल, आणि सुट्या ठोकळ्यांवर तर ती शोधूच नये. तिच्या अभावावरून माल नकली ठरवता येत नाही.

आता पकड. सोबत नेलेला ठोकळा ढिगातल्या ठोकळ्यावर दाबावा आणि वरचा धरून उचलावा. खालचा लोंबकळता राहिला पाहिजे, आणि सोडवताना बोटांना जोर लागला तरी तो सुटला पाहिजे. सैल बसणारा ठोकळा झिजलेला किंवा परका असतो. निघता निघत नाही असा ठोकळाही मुलांसाठी तेवढाच नकोसा. मग एका-एका स्टडचे बारीक तुकडे, क्लिप आणि माणसांची धडे उजेडासमोर धरून पाहावीत, कारण केसासारखी बारीक चीर तिथेच सर्वप्रथम पडते. धडाच्या तर काखेखालच्या कडेला. पातळ प्लेटच्या कडेवर दोन समांतर खड्डे दिसले तर ते दातांचे व्रण आहेत. घट्ट बसलेल्या दोन प्लेट मुले दातांनी सोडवतात, आणि बहुतेक प्रत्येक जुन्या ढिगात अशा पाच-दहा प्लेट असतात. त्या वापरता येतात, पण संग्रहासाठी घेणाऱ्याने पैसे कमी करावेत.

तपकिरी तुकड्यांना विशेष जपावे. तांबूस तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल या रंगांचे २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची जवळपास दहा वर्षे बनलेले तुकडे ठिसूळ असतात. नुसते वेगळे करतानाही त्यांचा टवका उडतो. विक्रेत्यासमोर जोर लावून ते तपासू नयेत, आणि संचात असे तुकडे बरेच असतील तर काही फुटणार हे धरूनच भाव करावा.

फार जुना, १९७० आणि १९८० च्या दशकांतला माल लहान मुलासाठी घेऊ नये. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या प्लास्टिक खेळण्यांमध्ये, त्यात लेगोचे ठोकळेही आले, कॅडमियम आणि शिसे यांसारखी घातक मूलद्रव्ये आढळली होती, विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या प्लास्टिकमध्ये. असा माल फडताळात ठेवायला छान आहे. तोंडात घालणाऱ्या मुलासाठी नाही.

संच घेत असाल तर सर्व तुकडे मोजत बसण्याआधी महागडे तुकडे पाहावेत: माणसे आणि त्यांच्या टोप्या, छापील तुकडे, गाडीची काच, मोठे एकसंध भाग. हे असतील तर उरलेले साधे ठोकळे कुठूनही भरून काढता येतात. पुस्तिका नसल्याबद्दल फार घासाघीस करू नये, कारण बहुतेक संचांच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात.

लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबोटिक्स मालिकेतल्या ईव्हीथ्री किटबद्दल थोडक्यात. ही मालिका २०२२ अखेर बंद झाली आणि वर्ग बंद करणाऱ्या शिकवण्यांकडून हे किट बरेचदा विक्रीला येते. ४५५४४ क्रमांकाच्या शैक्षणिक किटमध्ये दोन मोठ्या आणि एक मध्यम मोटार, दोन टच सेन्सर आणि रंग, अंतर व जायरो (वळण मोजणारा) यांचा प्रत्येकी एक सेन्सर असतो. ३१३१३ या घरगुती किटमध्ये तीनही मोटारी असतात पण टच, रंग आणि इन्फ्रारेड हे तीनच सेन्सर आणि एक रिमोट असतो. विक्रेते दोन्हींना एकाच नावाने विकतात, तेव्हा क्रमांक विचारावा. किटचा मेंदू, म्हणजे मोटारी आणि सेन्सर चालवणारा डबा, चालू करून प्रत्येक सॉकेटला मोटार आणि सेन्सर लावून पाहावेत, आणि बॅटरीचे झाकण उघडून आत पांढरा-हिरवा क्षार साचला आहे का ते पाहावे. तो असेल तर किट घेऊ नये.

धुणे आणि वाळवणे

घरी आणलेला ढीग त्याच दिवशी धुवावा, किंवा तोवर पिशवीचे तोंड घट्ट बांधून बाल्कनीत ठेवावा. वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेल्या ठोकळ्यांच्या पोकळीत झुरळांची अंडी सापडतात, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रथम मोटारी, दिवे, स्टिकर लावलेले तुकडे आणि कापडी झेंडे बाजूला काढावेत. त्यांना ओल्या फडक्याने पुसणे पुरे. जोडलेले तुकडे सुटे करावेत, नाहीतर मधली घाण तशीच राहते.

पाणी कोमट, ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे. कढत पाण्याने तुकडे वाकतात. बादलीत भांड्यांच्या सौम्य साबणाचे थोडे द्रावण टाकून ठोकळे अर्धा तास भिजवावेत, हाताने ढवळावेत आणि स्टडमधली काळी रेघ मऊ टूथब्रशने काढावी. वॉशिंग मशिनचा मोह टाळावा, कारण आपटून पृष्ठभागावर ओरखडे येतात. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांचा थेंबही लागू देऊ नये. ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळते. बोअरवेलचे जड पाणी असेल तर शेवटी ठोकळे फिल्टरच्या पाण्यात विसळावेत, म्हणजे काळ्या ठोकळ्यांवर पांढरे डाग राहत नाहीत.

वाळवताना ऊन टाळावे. आपल्याला प्रत्येक गोष्ट गच्चीवर टाकण्याची सवय असते, पण उन्हाने पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात. टॉवेलवर स्टड वरच्या बाजूला ठेवून पसरावे, म्हणजे पोकळीतले पाणी निथळते, आणि पंखा लावून ठेवावा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, आणि अर्धवट ओले ठोकळे डब्यात भरले तर कुबट वास धरतात. आधीच पिवळे पडलेले ठोकळे औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून काही तास उन्हात ठेवले की बरेचसे पांढरे होतात. ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे आणि छापील तुकडे त्यात टाकू नयेत.

वर्गवारी आणि उरलेले तुकडे

वर्गवारी रंगाने करण्याची इच्छा सर्वांनाच होते, पण ती आकाराने करावी. लाल ढिगात लाल रंगाचा बारीक तुकडा शोधणे कठीण असते. एकाच आकाराच्या ढिगात हवा तो रंग मात्र चटकन डोळ्यांत भरतो. ठोकळे, प्लेट, चाके, माणसे आणि इतर असे पाच डबे सुरुवातीला पुरतात. आपल्याकडे असलेल्या संचांचे क्रमांक रीब्रिकेबल या संकेतस्थळावर भरले की त्या तुकड्यांत आणखी काय बांधता येईल ते कळते, आणि एखाद्या संचात काय कमी आहे त्याची यादीही मिळते. ती यादी मोबाइलमध्ये ठेवावी, कारण पुढच्या ढिगात तेच तुकडे सुटे सापडण्याची शक्यता बरीच असते.

वेचून काढलेले परके ठोकळे फेकू नयेत. पकड चांगली असेल तर डोंगर, पाया, भिंतीच्या आतला भराव यांसाठी ते कामाचे आहेत. फक्त त्यांचा डबा वेगळा ठेवावा आणि मुलांनाही ती सवय लावावी. मुले मोठी झाल्यावर हा सगळा ढीग आपण विकायला काढू, तेव्हा त्या डब्याचे वजन जाहिरातीत निराळे लिहावे आणि पहिला फोटो एका स्टडचा, खिडकीच्या उजेडात जवळून काढलेला टाकावा.